गिटारला स्टॉपवॉच लावू नका
(मोठ्या गटाचे मत)



गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची सूचना एव्हाना घरोघरी पोचली असेल. यंदा प्रथमच वाद्यवादनात गिटारची वेगळी स्पर्धा ठेवली आहे. तबला, पेटी आणि बासरीच्या पंगतीत गिटारलाही पाट मांडल्याबद्दल कार्यक्रम समितीच्या काका-मावश्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो. मात्र त्याच सूचनेच्या मागच्या पानावर गुण कसे देणार ते छापले आहे. ५० पैकी २५ गुण ‘वेग व अवघडपणा’ यांना, १५ पाठांतराला आणि १० सादरीकरणाला. सुराला गुण नाहीत. तालालाही नाहीत.

आम्हाला हे पटले नाही. का पटले नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रश्न नुसत्या एका ढालीचा असता तर आम्ही गप्प बसलो असतो. पण छोट्या गटात दसऱ्याच्या सुमारास सात मुले गिटार शिकत होती, ती संक्रांतीपर्यंत पाच उरली. सोडून गेलेल्या दोघांना आम्ही कारण विचारले. दोघांचे उत्तर एकच होते, “मला फास्ट येत नाही.” नऊ-दहा वर्षांच्या मुलाने एवढ्यासाठी वाद्य खाली ठेवावे, याचे आम्हाला फार वाईट वाटते. आणि आता तर आपली स्पर्धाच त्या मुलांना सांगणार, की तुमचे बरोबर आहे, फास्ट येत नसेल तर हे वाद्य तुमच्यासाठी नाही!

मोठ्या गटात आम्ही नऊ जण आहोत. प्रत्येकाने आपल्या आवडत्या गिटारवादकाचे एक ध्वनिमुद्रण आणायचे आणि तो मोठा का, हे मराठीत सांगायचे, असे ठरले. नऊ जणांनी आठ नावे आणली. वाद झाले, आवाज चढले, बाईंना दोनदा टेबल वाजवावे लागले. मोठा कोण, यावर आमचे आजही एकमत नाही. पण एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली. नवांपैकी एकानेही “तो सर्वांत जलद वाजवतो” हे कारण दिले नाही. एडी व्हॅन हेलनचे नाव आणणाऱ्यानेसुद्धा नाही.

सर्वांत जास्त वेळ आम्ही बी. बी. किंग यांच्यावर बोललो. दोघांनी आणलेले नाव ते हेच. त्यांचा जन्म १९२५ साली मिसिसिपी राज्यात झाला आणि २०१५ साली ते वारले. लहानपणी ते शेतात कापूस वेचत. पुढे मेम्फिस शहरात रेडिओवर गाऊ लागले. तिथे लोक त्यांना ‘ब्लूज बॉय’ म्हणत, त्याचेच बी. बी. झाले. त्यांच्या गिटारचे नाव ‘ल्युसिल’. १९४९ साली आर्कान्सा राज्यातल्या ट्विस्ट या गावी त्यांचे वादन चालू असताना दोन माणसांची मारामारी झाली, उबेसाठी पेटवलेले रॉकेलचे पिंप कलंडले आणि जागेने पेट घेतला. किंग बाहेर पळाले, आणि गिटार आतच राहिली म्हणून पुन्हा आगीत शिरले. मारामारी ल्युसिल नावाच्या बाईवरून झाली होती, हे त्यांना नंतर कळले. असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण राहावी म्हणून त्यांनी ते नाव ठेवले.

ही गोष्ट छोट्या गटाला फार आवडली. पण किंग यांचे मोठेपण आगीत नाही, ते त्यांच्या डाव्या हातात आहे. ते एक सूर लावतात. तार बोटाने आडवी ढकलून तो सूर वर चढवतात. तार ताणली गेली की सूर चढतो. सतारीवर मींड घेतात ती याच युक्तीने. सूर नेमक्या जागी पोचला की सगळा हात हलवून ते त्याला थरथरवत ठेवतात. त्यांच्या नात्यातले बुका व्हाइट तारेवर धातूची नळी घसरवून वाजवत. किंग यांना ते काही जमेना. तसा आवाज नुसत्या बोटांनी काढायच्या धडपडीत आपला हा थरथरता सूर सापडला, असे ते सांगत. म्हणजे जे जमत नव्हते त्यातूनच त्यांची ओळख तयार झाली! पुढे कितीतरी गिटारवादकांनी तो सूर उचलला, पण किंग यांचा एक सूर ऐकला की आजही माणूस ओळखू येतो.

आणखी एक गंमत. किंग गाता गाता वाजवत नसत. एक ओळ गायची, थांबायचे, आणि मग गिटारने तिला उत्तर द्यायचे. आपल्याकडे गायक दम घ्यायला थांबला की पेटीवाला ती ओळ पुढे नेतो, तसेच. इथे गायक आणि पेटीवाला एकच माणूस. १९६४ साली शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये केलेले त्यांचे ध्वनिमुद्रण जरूर ऐका. तीन-चार सूर झाले की लोक आरडाओरडा करून दाद देतात.

आई-बाबांना हे वेगळे समजावायला नको. घरात नाट्यगीत लागले की तुम्ही डोळे मिटून “वा, काय जागा घेतली!” म्हणता. त्या जागेत सेकंदाला किती सूर होते, हे तुमच्यापैकी कोणी मोजले आहे का? मग आमच्या गिटारलाच हे मोजमाप का?

दुसरे नाव आपल्या न्यू जर्सीशी जोडलेले आहे, आणि आमच्यापैकी बहुतेकांनी ते आधी ऐकलेलेही नव्हते. रेड बँक गावात काउंट बेसी यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. जॅझचे थोर पियानोवादक बेसी १९०४ साली त्याच गावी जन्मले. त्यांच्या वाद्यवृंदात १९३७ साली फ्रेडी ग्रीन नावाचा गिटारवादक आला. बेसी १९८४ साली गेले, तरी तो वृंदातच राहिला. १९८७ साली ग्रीन वारले, तेव्हा त्यांच्या त्या खुर्चीला पन्नास वर्षे होत आली होती. आणि या पन्नास वर्षांत त्यांनी एकट्याने पुढे येऊन वाजवल्याचे प्रसंग शोधावे लागतात!

मग ते करत काय होते? प्रत्येक आवर्तनात चार ठोके. एक, दोन, तीन, चार. बस्स. ॲम्प्लिफायर नाही, पेडल नाही. तारा पट्टीपासून उंच बसवलेली साधी लाकडी गिटार, म्हणजे दाबायलाही जड. समोर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांची फौज. गिटार वेगळी ऐकू येतही नाही. ती ड्रमच्या झांजेत आणि बासच्या तारेत मिसळून जाते, जसे आमटीतले मीठ. पण तिच्यामुळे सगळा वृंद एका पावलाने चालतो. नील हेफ्टी यांनी रचलेली ‘लिल डार्लिन’ ही चीज १९५८ सालच्या तबकडीवर आहे. ती इतकी संथ आहे, की वाजवणाऱ्याचा धीर सुटावा. हेफ्टींच्या मनात तिची लय जलद होती, बेसींनी ती संथ केली, असे सांगतात. त्या संथ लयीत ग्रीन यांचा एकेक ठोका नीट ऐकू येतो. आमच्यातल्या चौघांनी त्याबरोबर नुसत्या टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या मिनिटाला चौघेही पुढे पळत होते. जलद वाजवणे अवघड असते हे खरे, पण न पळता संथ वाजवणे किती अवघड आहे, ते त्या दिवशी कळले.

आपल्या समितीच्या तक्त्यात फ्रेडी ग्रीन यांना वेगाचे किती गुण मिळाले असते? आमच्या हिशेबाने शून्य.

तिसरे नाव छोट्या दोस्तांसाठी मुद्दाम सांगतो. एलिझाबेथ कॉटन यांचा जन्म १८९३ साली नॉर्थ कॅरोलायनात झाला. घरकाम करून साठवलेल्या पैशांतून त्यांनी लहानपणीच गिटार घेतली. त्या डावखुऱ्या होत्या आणि गिटार उजव्या हाताची. शिकवायला कोणी नव्हते. त्यांनी तारा न बदलता गिटार तशीच उलटी धरली. त्यामुळे जाड तारा खाली आल्या आणि बारीक तारा वर. इतर लोक अंगठ्याने खर्ज आणि बोटांनी गाणे वाजवतात. यांनी बोटांनी खर्ज आणि अंगठ्याने गाणे वाजवले. ‘फ्रेट ट्रेन’ हे त्यांचे प्रसिद्ध गाणे त्यांनी शाळकरी वयात रचले. नंतर संसारात आणि कामात कित्येक वर्षे गिटार सुटली. पुढे वॉशिंग्टनमध्ये सीगर नावाच्या संगीतकार कुटुंबाकडे त्या घरकाम करू लागल्या. त्या घराच्या भिंतीवर गिटार होती. ती हाती घेऊन त्या पुन्हा वाजवू लागल्या आणि घरच्यांनी ऐकले. १९५८ साली त्यांची पहिली तबकडी निघाली, तेव्हा साठी उलटून गेली होती. १९८५ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा नव्वदी! त्यांची ती उलटी पद्धत आज ‘कॉटन पद्धत’ म्हणून लोक शिकतात. तेव्हा कोणी तुम्हाला “तुझा हात चुकीचा आहे” म्हणाले, तर त्यांना हे नाव सांगा.

आता आपल्या भारतातले नाव. आमच्यातल्या एकीच्या आजोबांनी सुचवलेले. पंडित ब्रिजभूषण काबरा जन्माने जोधपूरचे, उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. ते गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर धातूची कांडी सरकवत वाजवत. ही युक्ती मुळात हवाई बेटांवरची. कांडी पडद्यांवर अडत नाही, म्हणून सूर गळ्यासारखा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर वाहत जातो. पडद्यांमुळे जे वाद्य रागसंगीताला परके वाटे, त्यावर त्यांनी राग वाजवले. १९६७ साली निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर काबरा आहेत. तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात रागांतून सांगितला आहे. आणि ही तबकडी काढणारे होते जी. एन. जोशी, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या लाडक्या भावगीतांचे गायक! तिच्यात संतूर, बासरी आणि गिटार एकमेकांना बोलू देतात. काबरा कित्येकदा गप्प बसतात आणि मग एखादी मींड घेऊन येतात. गप्प बसणे हाही वादनाचा भाग आहे, हे आम्ही तिथे शिकलो.

आता विरुद्ध बाजू. एका काकांनी आम्हाला विचारले, “मग वेग वाईट का? रियाज न करता वाजवायला हे निमित्त तर नाही ना?” प्रश्न रास्त आहे.

वेग वाईट नाही. जँगो राइनहार्ट विजेसारखा वाजवत असे. १९१० साली बेल्जियममध्ये, भटक्या रोमा कुटुंबात त्याचा जन्म झाला. १९२८ साली त्यांच्या राहत्या गाडीला आग लागली, आणि डाव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचे बोट जायबंदी झाले. महिनोन् महिने अंथरुणावर काढताना त्याने उरलेल्या दोन बोटांसाठी सगळे वादन नव्याने बसवले, आणि १९३४ साली पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांच्याबरोबर उभा राहिला. त्याच्या जलद ताना ऐकताना आपण बोटे मोजत नाही. तो काय म्हणतो आहे ते ऐकतो, कारण त्या पळापळीतही गाणे हरवत नाही.

एडी व्हॅन हेलनचेही तसेच. १९७८ सालचे त्याचे ‘इरप्शन’ पुरते दोन मिनिटांचेही नाही. दोन्ही हातांची बोटे पट्टीवर आपटून त्याने जो धबधबा काढला, त्याची नक्कल पुढे गल्लोगल्ली झाली. आमचा मित्र म्हणाला, “सगळ्यांनी त्याची बोटे उचलली, त्याची लय कोणी उचलली नाही.” त्याच्या म्हणण्याप्रमाणे एडीचे मोठेपण इतर गाण्यांत, गायकाच्या मागे तो जो झुलता ताल धरतो त्यात आहे. हे आम्हाला ऐकून पटले. जिमी हेंड्रिक्सलाही नाव होण्याआधी दुसऱ्यांच्या मागे उभे राहून साथ करावी लागली होती. लिटल रिचर्ड आणि आयझ्ली ब्रदर्स यांच्या मागे तो वाजवत असे. त्याच्या पुढच्या सगळ्या आतषबाजीखाली तो पक्का ताल आहे.

आणि आपल्या संगीतात तर हे पूर्वीच ठरलेले आहे. ख्यालात आधी विलंबित, मग द्रुत. द्रुत हा कळस आहे. पाया न घालता कळस बसवायचा म्हटला तर तो डोक्यात पडेल!

उलट, आमचे म्हणणे असे की सुराला गुण दिले तर रियाज वाढेल. खोटे वाटत असेल तर घरी करून पाहा. गिटारच्या तिसऱ्या तारेवर नववा पडदा दाबा, सूर कानात साठवा. मग त्याच तारेवर सातवा पडदा दाबा आणि तार आडवी ढकलत त्याच सुरापर्यंत चढवा. दोन पडद्यांचे अंतर, म्हणजे ‘सा’पासून शुद्ध ‘रे’पर्यंत. थोडे कमी पडले तर बेसूर, थोडे जास्त झाले तरी बेसूर. सलग दहा वेळा बरोबर लागला तर आम्हाला सांगा. आमच्यात कोणाचाही अजून सहाच्या पुढे गेलेला नाही.

“वेग मोजता येतो, सूर कसा मोजणार?” असेही विचारले गेले. पण आपल्या वर्गातले गाणे शिकवणारे काका पेटीवर बसून सूर लागला की नाही हे एका क्षणात सांगतात. ताल तर प्रेक्षकांनाही कळतो. लय पळाली की टाळ्या आपोआप विस्कटतात. कान आहेत ना आपल्याकडे? मग ते वापरायला काय हरकत आहे?

तेव्हा आमच्या सूचना अशा:

एक. ५० गुणांची वाटणी बदलावी. सुराला १५, तालाला १५, तयारीला १० आणि ‘स्वतःचे काही’ यासाठी १०. वेग ज्यांना येतो त्यांना तो तयारीत मिळेलच. ‘स्वतःचे काही’ म्हणजे फार मोठे नाही. एखाद्या ओळीवर थांबणे, एखादा सूर आपल्या पद्धतीने लावणे, आजीने शिकवलेली ओवी गिटारवर बसवणे, एवढेही पुरे.

दोन. साथीसाठी वेगळे बक्षीस असावे. दुसऱ्याच्या गाण्यामागे शेवटपर्यंत लय सांभाळणाऱ्याला ते द्यावे. या बक्षिसाचे नाव काय ठेवावे, हे आम्ही वेगळे सांगायला नको. खर्च वाढणार असेल तर मोठ्या गटाने खाऊच्या दुकानातून जमवलेले पैसे आम्ही द्यायला तयार आहोत.

तीन. छोट्या गटाला स्पर्धा नकोच. त्यांनी एकत्र वाजवावे. सोपे गाणे, एकच लय, आणि सर्वांना टाळ्या.

आई-बाबांना एक विनंती. घरी पाहुणे आले की “अमक्याच्या मुलाला कित्ती फास्ट येते!” असे म्हणू नका. म्हणायचेच असेल तर “आज तुझा सूर छान लागला” असे म्हणा. हे वाक्य आम्ही महिनाभर विसरत नाही.

आणि गिटार सोडून गेलेल्या आपल्या दोन छोट्या दोस्तांना निरोप: रविवारी वर्ग सुटल्यावर आम्ही मागच्या खोलीत अर्धा तास बसतो. गिटार नसेल तर आमची घ्या. आम्ही तुम्हाला फक्त चार ठोके शिकवू. एक, दोन, तीन, चार. फ्रेडी ग्रीन यांना तेवढे पन्नास वर्षे पुरले.

समितीची बैठक पुढच्या रविवारी आहे. त्याआधी आपले मत, पटो वा न पटो, कागदाच्या एका बाजूला सुवाच्य अक्षरात लिहून दारातल्या पेटीत टाकावे. आम्ही सगळी मते वाचू आणि पुढच्या अंकात छापू.

आपली,
मोठ्या गटातील नऊ मुले-मुली
रविवारचा मराठी वर्ग, न्यू जर्सी